हलका आणि ओलसर मीटलोफ: टर्कीचा, नाहीतर चिकनच्या खिम्याचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मीटलोफ म्हणजे मोठा कबाबच ना?

घटक पाहिले तर जवळपास तसंच. खिम्यात पाव, दूध, अंडं, कांदा मिसळायचा, पावासारखा लांबट आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजायचा आणि काप करून खायचा. अमेरिकेत तो पूर्वापार गोमांसाच्या किंवा त्यात डुकराचं मांस मिसळलेल्या खिम्याचा करतात. चरबी कमी हवी म्हणून टर्कीचा खिमा वापरायची पद्धत आली. कबाब बोटभर जाडीचा असतो, दहा-बारा मिनिटांत होतो. लोफ पाच सेंटीमीटर जाड असतो, त्याला पाऊण तास लागतो. आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा भाग नुसता तापत बसतो. चरबी कमी असलेला खिमा इथेच कोरडा पडतो. खालचे निम्मे प्रश्न या ना त्या वाटेने त्यावरच येतात.

जळगाव-धुळ्यात टर्की कुठे मिळणार?

नेहमीच्या चिकन सेंटरवर मिळत नाही. भारतात टर्की पाळतात, इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरी विराट’ नावाचा वाणही तयार केला आहे, पण खान्देशात रोजच्या बाजारात हा पक्षी नाही. कोणी पाळलेला पक्षी मिळालाच, तर एक गोष्ट आधी पाहा. टर्कीच्या तंगडीत हाडासारखे कडक, लांब कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे दोर) असतात. ते एकेक ओढून काढल्याशिवाय मांस खिम्याच्या मशीनमध्ये घालू नका. मशीन अडते आणि दाताखाली काड्या येतात.

टर्की नसेल तर ब्रॉयलर चिकनच्या मांडीचा खिमा घ्या. प्रमाण तेच, वेळ तोच, तापमान तेच. चव किंचित सौम्य लागते, इतकंच. गावठी कोंबडी मात्र यासाठी नको. तिचं मांस चिवट असतं, रश्शात तास-दीड तास शिजलं की सुंदर होतं, पण लोफमध्ये रबरासारखं लागतं.

खिमा कसा मागायचा?

‘लेग बोनलेस, कातडी काढून, मशीनमधून एकदाच.’ एवढं सांगितलं की पुरे. नुसत्या छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्याचा लोफ भुसभुशीत आणि कोरडा होतो. दोनदा काढलेला खिमा पेस्टसारखा होतो आणि काप घट्ट येतो. बऱ्याच ठिकाणी आयता पडलेला खिमा मानेचा, कातडीचा आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचा असतो. तो घेऊ नका, डोळ्यांसमोर काढून घ्या.

घरी करायचा असेल तर मांसाचे दोन सेंटीमीटरचे तुकडे करून २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. कडा कडक झाल्या की थोडे थोडे घेऊन मिक्सर पाच-सहा वेळा थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर लगदा होतो आणि भांडं तापून मांस आत अर्धवट शिजल्यासारखं पांढरट पडतं.

खिमा धुवायचा नाही? आमच्याकडे तर चाळणीत धरून धुतात.

लोफसाठी धुऊ नका. खिम्याचा पृष्ठभाग फार मोठा असतो. तो पाणी धरतो आणि तेच पाणी भाजताना ट्रेमध्ये उतरतं, सोबत चवही नेतं. शिवाय नळाखालचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात, जंतू तिथे पोचतात. मनाला पटतच नसेल तर खिमा काढण्याआधी अख्खे तुकडे धुवा आणि स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपून घ्या.

चार-पाच जणांसाठी प्रमाण सांगा.

कातडी नसलेला मांडीचा खिमा ५०० ग्रॅम, साध्या पांढऱ्या पावाचे २ स्लाइस (सुमारे ५० ग्रॅम), दूध ८० मिली म्हणजे पाच मोठे चमचे आणि वर थोडं, १ मध्यम कांदा अगदी बारीक चिरलेला, कांदा परतायला २ छोटे चमचे तेल, १ अंडं, भाजलेल्या वांग्याचा निथळलेला गर ८० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम (सपाट सव्वा छोटा चमचा), आलं-लसूण वाटण १ छोटा चमचा, खान्देशी काळा मसाला १ छोटा चमचा, १ हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर.

सगळं मिळून साधारण ८५० ग्रॅम होतं. त्याचा २० सेंटीमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच लोफ बसतो. यातली मिरची, कोथिंबीर, आलं बदललं तरी काही बिघडत नाही. पाव, दूध, अंडं आणि मीठ मात्र मोजूनच घ्या.

पाव आणि दूध भर म्हणून घालतात का?

नाही, आणि हा गैरसमज लोफ बिघडवतो. ‘भेसळ कशाला’ म्हणून पाव वगळला की हमखास दगड तयार होतो.

मांस ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यातली प्रथिनं जोरात आकसतात आणि ओला टॉवेल पिळावा तसं पाणी बाहेर टाकतात. जास्त चरबीच्या खिम्यात वितळलेली चरबी हा कोरडेपणा झाकते. टर्की-चिकनमध्ये झाकायला काही नाही. तिथे पावातला स्टार्च कामाला येतो: तो दूध शोषून घेतो, तापला की घट्ट जेलीसारखा होतो आणि पाणी सोडत नाही. मांसाच्या कणांच्या मध्ये तो बसल्यामुळे ते एकमेकांना घट्ट चिकटतही नाहीत, म्हणून काप मऊ राहतो.

पाव कोरडा चुरून टाकू नका. तसा टाकला तर तो मांसातलंच पाणी ओढतो. आधी वाडग्यात दूध ओतून पाव दहा मिनिटं भिजू द्या, मग काट्याने रगडा. एकही गाठ न राहता दाटसर लगदा झाला पाहिजे. दूध पिळून काढू नका, ते मोजूनच घेतलं आहे.

आमच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही.

मग खिम्यासाठी मांस काढल्यावर उरलेली हाडं दोन वाट्या पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा आणि त्यातलं ८० मिली घ्या. चव उलट वरचढच येते. दूध चालतं त्यांनीही एकदा करून पाहावं.

पावाऐवजी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी?

शिळी ज्वारीची भाकरी चालते, थोडी युक्ती करून. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून मिक्सरमध्ये रव्यासारखी बारीक करा, कोमट दुधात २० मिनिटं भिजवा आणि दूध १०० मिली घ्या. काप जरा रवाळ येतो. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्याची चव आणि चिकटपणा दोन्ही पुढे येतात; लोफ जड होतो. ती सोबत खायला ठेवा. ओट्स (४० ग्रॅम) उत्तम चालतात. भिजवलेले पातळ पोहेही चालतात. शेव चुरून घालावी का, असाही प्रश्न खान्देशात येणारच. घालू नका. त्यात तळणीचं तेल असतं, आणि चरबी कमी करायची म्हणून तर हा खटाटोप.

वांग्याचा गर? मीटलोफमध्ये?

टर्कीच्या लोफमध्ये तिकडे अनेकदा बारीक चिरून परतलेले मशरूम घालतात. काम दोघांचं एकच: पाणी धरणं आणि चरबीशिवाय चवीला भरीवपणा देणं. जळगावकडचं भरताचं हिरवं वांगं (२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं) मशरूमपेक्षा इथे जास्त सोयीचं. ते मोठं, गरदार आणि कमी बियांचं असतं. विस्तवावर भाजलं की धुरकट वास लोफमध्ये उतरतो, तो मशरूम देत नाही. हिवाळ्यात शेतावर पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेलं वांगं मिळालं तर मग विचारूच नका.

एकच काळजी घ्या. गर चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा आणि मगच वजन करा. न निथळता घातला तर लोफ आकारच धरत नाही. १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका, नाहीतर भरीत आणि खिमा यांच्या मधलं काहीतरी होईल.

दुधी किसून घालतात काहीजण. मीठ लावून, घट्ट पिळून घातला तर चालतो, पण चवीत भर काही पडत नाही.

कांदा कच्चा घातला तर?

कच्चा कांदा लोफच्या आत पुरेसा शिजत नाही, कचकच लागतो आणि पाणी सोडतो. तेलावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं मऊ होईपर्यंत परता, आलं-लसूण शेवटच्या मिनिटाला घाला, मग पूर्ण गार करा. गरम कांदा खिम्यात पडला तर आसपासचं मांस तिथेच शिजायला लागतं.

काळा मसाला किती सोसतो?

५०० ग्रॅमला एक छोटा चमचा, फार तर दीड. शेवभाजीच्या हाताने घालू नका. रश्श्यात मसाला पाण्यात उकळून मोकळा होतो. लोफमध्ये तो कोरडाच राहतो आणि जास्त झाला तर कडवट, मातकट लागतो. तो कांदा परतताना शेवटी तेलात घातला तर अर्ध्या मिनिटात फुलतो. खोबरं असलेला मसाला लवकर करपतो, गॅस मंद ठेवा.

किती मळायचं?

कणकेसारखं अजिबात नाही. मीठ लागलेलं मांस मळत राहिलं की प्रथिनं चिकट होतात आणि सॉसेजसारखा, दाबला की उसळी घेणारा काप होतो. सीख कबाबाला तोच चिकटपणा हवा असतो, म्हणून ज्यांचा कबाबाला हात बसलेला आहे त्यांचा लोफ पहिल्या वेळी हटकून घट्ट होतो.

क्रम असा ठेवा: पावाच्या लगद्यात अंडं, मीठ, कांदा, मसाला, वांगं, कोथिंबीर, सगळं आधी एकजीव करा. खिमा सर्वांत शेवटी. बोटं पसरून, वरखाली करत, ३०-४० सेकंदांत थांबा. मिश्रण सैल आणि चिकट वाटेल, तसंच हवं. हात ओले करून आकार द्या आणि आतली हवा जाण्यासाठी दोन-तीनदा थोपटा. फार सैल वाटलं तर पीठ घालू नका, २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

साच्यात भाजू की ट्रेवर मोकळा?

ट्रेवर, खाली बटर पेपर. खोल साच्यात लोफ आपल्याच पाण्यात उकडतो आणि फक्त वरची बाजू भाजते. साचा वापरायचाच तर आकार देण्यापुरता वापरा आणि ट्रेवर उलटा करा.

तापमान आणि वेळ?

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. ४५ ते ५० मिनिटं. ३५व्या मिनिटाला वरून सॉस लावा: ३ मोठे चमचे टोमॅटो केचप, १ छोटा चमचा व्हिनेगर, १ छोटा चमचा किसलेला गूळ. आधी लावला तर गूळ जळतो. नंदुरबारकडच्या लाल मिरचीचा ठेचा अर्धा चमचा त्यात मिसळला तर केचपचा गोडपणा आवरला जातो.

पण घड्याळ हे अंदाजापुरतं. खरा निकाल लोफच्या मध्यावर लागतो: तिथे ७४ अंश सेल्सिअस झालं की बाहेर काढा. सुईचा डिजिटल थर्मामीटर वापरा, बाजूने मध्यापर्यंत खुपसा. महागडं यंत्र नाही हे, आणि या पदार्थात वांगं-मशरूम-पाव सगळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. ७४ ला काढलेला आणि ८५ ला काढलेला लोफ एकाच मिश्रणाचा आहे हे खाणाऱ्याला पटणार नाही.

काढल्यावर १० मिनिटं हात लावू नका. लगेच कापला तर रस पाटावर आणि काप कोरडा.

आत गुलाबी दिसतोय. कच्चा आहे?

रंगावरून ठरवू नका. टर्की-चिकनचं मांस पूर्ण शिजूनही कधी गुलाबीसर राहतं, आणि हळद-मसाला घातलेल्या लोफमध्ये तर रंग काहीच सांगत नाही. थर्मामीटर ७४ दाखवत असेल तर शिजला. थर्मामीटर नसेल तर मध्यावर सुरी खुपसून १० सेकंद ठेवा. पाणी स्वच्छ निघालं आणि पातं चटका बसेल इतकं गरम लागलं तरीसुद्धा ५ मिनिटं जास्त द्या. थोडा कोरडा परवडला, कच्ची कोंबडी नाही.

ओव्हन नाही. कुकरमध्ये?

रिकामा प्रेशर कुकर कोरडा तापवल्याने तो खराब होऊ शकतो, त्यापेक्षा जाड बुडाची मोठी कढई आणि घट्ट झाकण घ्या. तळाला स्टँड, मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग ताटलीत लोफ ठेवून मंद-मध्यम आचेवर ५०-६० मिनिटं. वरून रंग येत नाही. शिजल्यावर तव्यावर दोन थेंब तेल टाकून बाजू खरपूस करा.

त्याहून चांगला मार्ग केळीच्या पानाचा आहे, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात पानाला तोटा नाही. पान गॅसवरून फिरवून लवचीक करा. मिश्रणाचे दोन भाग करून ६-७ सेंटीमीटर जाडीच्या दोन वळकट्या पानात गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात ४०-४५ मिनिटं, मध्यावर ७४ अंश होईपर्यंत वाफवा. वाफ १०० अंशांच्या वर जात नाही आणि पान पृष्ठभाग झाकतं, त्यामुळे बाहेरचा थर सुकत नाही. पाच मिनिटं मुरू द्या, जाड काप करा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. भाजलेल्या लोफची खमंग साल यात मिळत नाही हे खरं, पण ओलाव्यात ओव्हन हरतो.

एअर फ्रायरमध्ये १७० अंश, ३५ मिनिटांपासून तपासायला लागा. त्याचा पंखा जोराचा असतो, म्हणून पहिली २० मिनिटं वर सैलसर फॉइल ठेवा. ते उडून वरच्या कॉइलला लागणार नाही इतपत कडा खाली दाबा.

मध्येच लाइट गेली तर?

ओव्हनचं दार उघडू नका. पाच-दहा मिनिटांत आली तर वेळ तेवढा वाढवा. नाही आली तर लोफ कढईत हलवून गॅसवर पुरा करा. अर्धा शिजलेला खिमा ‘संध्याकाळी बघू’ म्हणून ठेवायचा नाही, जंतू वाढायला त्याहून चांगली जागा नाही.

लोफ कापताना विस्कटतो.

बहुतेक वेळा गरमच कापलेला असतो. तसं नसेल तर कांदा जाडसर चिरला गेला, वांगं निथळलं नाही किंवा अंडं राहिलं. पातळ, दातेरी सुरी वापरा, दाबू नका, करवतीसारखी चालवा.

वरून भेग पडली.

ओव्हन जास्त गरम किंवा आत हवा. चवीला फरक पडत नाही; सॉस भेगेत मुरतो ते बरंच.

बाजूला पांढरा फेसासारखा थर आला.

ती मांसातून बाहेर येऊन गोठलेली प्रथिनं. थोडी येणारच. खूप आली तर आच जास्त झाली किंवा लोफ उशिरा काढला. कागदाने पुसा, खराब काही नाही.

अंडं चालत नाही.

१ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा, किंवा उकडून किसलेला छोटा बटाटा घाला. बटाट्याने लोफ नीट बांधला जातो. उलट, मध्ये अख्खी उकडलेली अंडी ठेवून लोफ करायचीही पद्धत आहे, नर्गिसी कोफ्त्यासारखी. तेव्हा अंडी ८ मिनिटंच उकडा, कारण ती पुन्हा तापणार आहेत.

टर्की म्हणजे आपोआप हलकी, बरोबर?

नाही. अमेरिकेत खिम्याच्या पाकिटावर ९३/७, ८५/१५ असे आकडे असतात: दुसरा आकडा चरबीचा टक्का. कातडीसकट काढलेला टर्कीचा खिमा १५ टक्क्यांचाही असतो. हिशोब सोपा आहे. ८०/२० च्या ५०० ग्रॅम खिम्यात १०० ग्रॅम चरबी म्हणजे ९०० कॅलरी. ९३/७ मध्ये ३५ ग्रॅम म्हणजे ३१५. भाजताना थोडी चरबी गळते, त्यामुळे ताटातला फरक याहून थोडा कमी. आपल्याकडे चिकन सेंटरवर असा आकडा मिळत नाही, म्हणून कातडी आणि पिवळी चरबी काढली आहे ना, एवढं डोळ्यांनी पाहायचं.

बर्ड फ्लूची बातमी आली की काय करायचं?

प्रश्न इथला आहे. देशातला पक्ष्यांमधला पहिला बर्ड फ्लू २००६च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला, २०२१मध्ये तिथे तो पुन्हा आला. पूर्ण शिजवल्यावर हा विषाणू टिकत नाही. मांसाचा प्रत्येक भाग ७० अंशांच्या वर गेला पाहिजे, म्हणजे वरचा ७४ चा नियम त्यासाठीही पुरतो. धोका कच्चं मांस हाताळण्यात आहे. त्या काळात बाधित भागातली कोंबडी आणू नका, कच्च्या मिश्रणाची मीठ-तिखटाला चव घेऊ नका (एरवीही नाही, चव पाहायची तर चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून), हात आणि पाट साबणाने धुवा.

मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, काय सांभाळायचं?

खिमा दुकानातून बर्फाच्या डब्यात आणा, तोही इतर बाजारहाट उरकल्यावर शेवटी. ३२ अंशांच्या वर हवा असेल तर कच्चा खिमा किंवा शिजलेला लोफ एका तासापेक्षा जास्त बाहेर नको. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक, फार तर दोन दिवस. शिजलेला लोफ तीन-चार दिवस. फ्रीझरमध्ये काप करून, मध्ये बटर पेपर घालून दोन महिने चांगला राहतो. अख्खा गोठवला तर वितळायला वेळ लागतो आणि कडा आधी सुकतात. उन्हाळ्यात मिश्रण करायचं वाडगंही आधी फ्रिजमध्ये गार करा.

सोबत काय? आणि उरला तर?

कुस्करलेला बटाटा ही तिकडची पद्धत. इकडे कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा आणि काकडीची कोशिंबीर पुरते.

उरलेले काप मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण आचेवर तापवू नका, तिथे सगळा ओलावा जातो. तव्यावर काप ठेवा, बाजूला दोन चमचे पाणी सोडा, झाकण ठेवा, मंद आचेवर चार मिनिटं. मग झाकण काढून एक बाजू खरपूस. तोच काप लादीपावात ठेवा. किंवा काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा करून त्यात शेवेच्या जागी लोफचे चौकोनी तुकडे सोडा; रस्सा उकळत्या आचेवर असताना तीन मिनिटं, त्याहून जास्त ठेवले तर तुकडे फुटतात आणि त्याची खिमा-भाजी होते. ती काही वाईट लागत नाही.